होडी कुजते पावसाच्या पाण्याने

आमच्या घरची होडी लाकडाची आहे. इंजिनाची, मासेमारीची. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. दर्यावर गेलो तो सुट्टीपुरता. होडी चालवली ती थोरल्या भावाने, म्हणजे दादाने. एका वर्षी नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच फेरीत दादा जाळं ओढत होता आणि त्याचा उजवा पाय डेकमधून गुडघ्यापर्यंत खाली गेला. फळीवर रंग चकचकीत होता. रंगाच्या खाली मात्र लाकूड उरलंच नव्हतं. भिजलेल्या पावासारखा भुसा होता. नडगीचं हाड मोडलं. ऐन हंगामात होडी आणि दादा दोघेही किनाऱ्याला लागले. खलाशांचा वाटा बुडाला, बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही.

सगळ्यात वाईट वाटलं ते याचं, की हा डेक जुना नव्हता. तीनच पावसाळे झाले होते. कर्ज काढून, नवीन लाकूड आणून तो आम्ही बांधला होता. आणि बुरशी कशी वाढते हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून मुलांना शिकवत होतो!

त्या पावसाळ्यानंतर आम्ही डेक पुन्हा बांधला. या वेळी घाई केली नाही. आधी जुना डेक फळी फळी सुटी करून पाहिला. त्यातून जे समजलं ते आज आपल्याला सांगायचं आहे. होडी नसली तरी घराचा पडवीचा वासा, खिडकीची चौकट, अंगणातलं बाकडं, या सगळ्यांना हेच लागू पडतं.

लाकूड म्हातारपणाने कुजत नाही. ते बुरशी खाते. तिला चार गोष्टी लागतात: खायला लाकूड, श्वासाला हवा, बेताची ऊब आणि ओल. कोकणात ऊब आणि हवा बारा महिने फुकट आहे. आपल्या हातात उरते ती ओल. लाकडात त्याच्या सुक्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर बुरशीला डोकं वर काढता येत नाही. ३० टक्क्यांच्या आसपास पोहोचलं की ती फोफावते. उलट लाकूड पूर्ण पाण्यात बुडून राहिलं तर हवा न मिळाल्याने ते सहसा असं कुजत नाही. म्हणून विहिरीच्या तळाशी असलेलं लाकूड पिढ्यान् पिढ्या टिकतं आणि काठावरचं चार वर्षांत जातं. धोका असतो तो धड ओलं नाही, धड सुकं नाही अशा जागी. डेक ही नेमकी तशी जागा.

लोक म्हणतात, समुद्राच्या पाण्याने होडी कुजते. हे अर्धंच खरं. पाण्याखालच्या लाकडाचा वैरी वेगळा. तो लाकूड पोखरणारा, किड्यासारखा दिसणारा पण खरं म्हणजे शिंपल्याच्या जातीचा प्राणी. तो डेकपर्यंत येत नाही. डेकला खारं पाणी उलट मानवतं, कारण मीठ बुरशीला रोखतं. जुने खलाशी रोज सकाळी डेक समुद्राच्या पाण्याने धूत, त्याने फळ्याही फुगून फटी मिटत. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात लाकडी जहाजं बांधताना सांगाड्याच्या पोकळ्यांत मीठ भरून ठेवत. कुजवतं ते गोडं पाणी. आमच्याकडे पावसाळ्यात ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आणि दुसरं गोडं पाणी आपण स्वतः होडीत भरतो: बर्फ. मासे ठेवायच्या खणातला बर्फ वितळतो, त्या थंडाव्याने डेकच्या खालच्या अंगाला दव धरतं. म्हणजे वरून पाऊस, खालून बर्फ. दादाचा पाय गेला तो बरोबर बर्फाच्या खणावरच.

आता आमच्या डेकचं शवविच्छेदन. शेजारशेजारच्या दोन फळ्या, एकाच दिवशी, एकाच वखारीतून आणलेल्या. एक ठणठणीत, दुसरी भुसा. असं का? मेस्त्रींनी तासणीने दोन्ही तासल्या आणि मला दाखवलं. चांगल्या फळीचं लाकूड गडद तपकिरी, कुजलेलीच्या उरलेल्या कडा पांढुरक्या. झाडाच्या खोडात बाहेरचा पांढरा भाग जिवंत असतो. त्यातून रस वाहतो, त्यात साखर आणि पिष्ट असतं. मधला गडद गाभा, ज्याला आमच्याकडे नार म्हणतात, तो मृत असतो. पण झाडाने त्यात आपली विषारी द्रव्यं साठवलेली असतात. टिकतो तो गाभा. पांढरा भाग सागाचा असला तरी टिकाऊ नाही. आम्ही ‘साग’ म्हणून पैसे मोजले होते, मिळाला होता कोवळ्या झाडाचा, अर्ध्याहून अधिक पांढरा साग. वखारवाल्याने फसवलं असं दादा म्हणाला. मेस्त्री म्हणाले, “अहो, फळ्या तुमच्या डोळ्यांसमोर मोजल्या ना? बघितल्या नाहीत, त्याला तो काय करणार?”

दुसरी गोष्ट दिसली खिळ्यांभोवती. साधे लोखंडी खिळे गंजले होते आणि प्रत्येकाभोवती काळं, मऊ वर्तुळ होतं. गंज नुसता खिळा खात नाही, भोवतीचं लाकूडही कमजोर करतो. मग भोक सैल होतं, पाणी आत शिरतं. तिसरी जागा फळ्यांची टोकं. लाकूड म्हणजे नळ्यांची मोळी. बाजूने पाणी हळू शिरतं, टोकाने मात्र वातीसारखं चढतं. आमची सगळी टोकं बोडकी होती. चौथी गोष्ट सर्वांत लाजिरवाणी. लाकूड आणलं ते ओलं, आणि मासेमारीबंदी संपायच्या आत काम उरकायचं म्हणून तसंच बसवून वर तेलरंगाचे दोन हात दिले. रंगाने बाहेरचं पाणी आत येऊ दिलं नाही हे खरं, पण आतलं बाहेरही जाऊ दिलं नाही.

हा धडा नवीन नाही. ब्रिटिश आरमाराची ‘क्वीन शार्लट’ ही मोठी युद्धनौका १८१० साली पाण्यात उतरवली. लाकूड नीट न सुकवलेलं आणि आत हवा खेळायला वाव कमी. ती कामावर निघण्याआधीच इतकी कुजली, की तिची मोठी दुरुस्ती करावी लागली. त्याच काळात, १८१७ साली, मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या जमशेदजी बमनजींच्या देखरेखीखाली मलबारी सागाची ‘त्रिंकोमाली’ बांधली गेली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे पाण्यावर उभी आहे, आणि तिच्यात मूळचा साग मोठ्या प्रमाणावर शिल्लक आहे. यात सागाचा मोठेपणा आहेच. पण तो जुन्या झाडांचा, नीट मुरलेला साग होता.

मग आम्ही काय काय पाहिलं? पहिला अर्थातच साग. त्याच्या गाभ्यात तेलकट द्रव्यं असतात, तो कमी आकसतो, कमी तडकतो. डेकला याहून चांगलं लाकूड शोधणं कठीण. अडचण किमतीची. ऐन मजबूत, सांगाड्याला उत्तम. पण जड आणि उन्हात तडकणारा. होडीच्या वरच्या अंगाला वजन वाढलं की ती डोलायला लागते, हे विसरून चालत नाही. फणसाचा पिवळा गाभा चांगला टिकतो, आणि तो घरच्या परड्यात मिळू शकतो. शिवण हलकी, फारशी न वाकणारी. डेकसाठी तिचा वापर पूर्वीपासून आहे, मात्र टिकाऊपणात ती सागाच्या खालची. आंबा आणि सावर स्वस्त, पण डेकला अजिबात नकोत; बुरशीला ती मेजवानीच.

दुसरा पर्याय समुद्री प्लायवुड. दुकानात ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द सैलपणे वापरतात. आपण पाहायचा तो आयएसआय शिक्का आणि ७१० हा मानक क्रमांक. या प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी थर सुटू नयेत अशी कसोटी असते, आणि त्याच्या लाकडावर संरक्षक द्रव्याची प्रक्रिया करावी लागते. ३०३ क्रमांकाचा प्लाय घरातल्या कपाटाला ठीक, होडीला नाही. पण ७१० चा प्लायसुद्धा कापला की त्याची कड उघडी पडते, आणि पाणी शिरतं ते कडेनेच. कापलेली प्रत्येक कड, पाडलेलं प्रत्येक भोक इपॉक्सीने बंद करायला हवं.

तिसरा पर्याय फायबर. फायबर कुजत नाही हे खरं, म्हणून आज किनाऱ्यावर फायबरच्या होड्या वाढल्या आहेत. पण आमच्यासारखे पुष्कळजण जुन्या लाकडी डेकवर फायबरचा थर चढवून मोकळे होतात. लाकूड आतून ओलं असेल तर हे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. शिवाय सागाच्या तेलकट पृष्ठभागावर साधं पॉलिएस्टर रेझिन नीट चिकटत नाही. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत गेलं की बाहेर पडायला वाट नसते. वरून काही दिसत नाही, आणि एक दिवस पाय खाली जातो.

चौथा पर्याय स्वस्त लाकडाला औषध देण्याचा. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या झाडाचं एरवी न टिकणारं लाकूड तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकयुक्त द्रावणाची व क्रिओसोटची प्रक्रिया करून होड्यांसाठी वापरून दाखवलं. पण ही द्रावणं दाबाखाली आतवर मुरवावी लागतात. ब्रशने वरवर लावून उपयोग नाही. आणि आर्सेनिक विषारी आहे, अशा लाकडाचे कपटे चुलीत कधीही घालू नयेत. मासे जिथे पडतात त्या डेकला ते नको, असं आमचं मत पडलं. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाचं द्रावण त्या मानाने सौम्य आणि स्वस्त. ते ओल्या लाकडात आपोआप पसरतं. मात्र पाण्याने धुऊन जातं, म्हणून रंगाच्या आड, खालच्या अंगालाच कामाचं.

शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. बर्फाच्या खणाभोवती आणि जाळं ओढायच्या जागी, जिथे ओल आणि वजन दोन्ही जास्त, तिथे सागाच्या गाभ्याच्या फळ्या. बाकीच्या डेकला घरच्या परड्यातल्या फणसाचा गाभा. जेवढी पांढरी कड दिसली तेवढी तासून टाकली; लाकूड कमी भरलं, पण मन घट्ट केलं. डेकखालच्या तुळयांची सडलेली टोकं दिसतात तिथेच न थांबता हातभर पुढे, आरीने टोचून कडक लाकूड लागेपर्यंत कापली. साधे खिळे बाद करून ३१६ प्रतीच्या स्टेनलेस पोलादाचे स्क्रू घेतले. ३०४ प्रत स्वस्त असते, पण खाऱ्या हवेला ३१६ जास्त दाद देते. प्रत्येक टोकाला इपॉक्सीचे दोन हात. फळ्यांच्या फटीत सुताची वात ठोकून वर राळ. डेकच्या खालच्या अंगाला काजूच्या टरफलाचं तेल दिलं. ते हातमोज्यांशिवाय लावू नये, कातडी भाजते.

आणि लाकूड सुकल्याशिवाय हात लावला नाही. सुकलं हे ओळखायचं कसं? फळीच्या मधला एक कपटा कापून शाळेच्या तराजूवर तोलला, ६३ ग्रॅम भरला. वजन घटायचं थांबेपर्यंत तो भट्टीत सुकवला, ४५ ग्रॅम उरला. म्हणजे १८ ग्रॅम पाणी, सुक्या वजनाच्या ४० टक्के. दादा म्हणाला, “मास्तर, आता हंगाम गेला तरी चालेल, पण पुन्हा ती चूक नको.” फळ्या मध्ये पट्ट्या घालून सावलीत, वाऱ्यावर रचल्या. पुढच्या उन्हाळ्यातच त्या बसवल्या.

साहित्याइतकंच महत्त्व रचनेला आहे. डेक मध्ये थोडा उंच, कडेला उतरता हवा. पाणी जायच्या भोकांत जाळ्याचे तुकडे आणि खवले अडकू देऊ नयेत. डेकखाली हवा खेळायला हवी. पूर्वी पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांनी शाकारत. झाप पाऊस अडवतो आणि वारा आत सोडतो. आता आपण निळं प्लास्टिक करकचून बांधतो. त्याच्याखाली बुरशीचं पाळणाघर तयार होतं. प्लास्टिक वापरायचंच तर आधी बांबूचा मांडव करावा आणि दोन्ही टोकं उघडी ठेवावीत.

या डेकला आता पाच पावसाळे झाले. एक फळी बदलावी लागली, तीही रंगवताना टोक झाकायचं राहून गेलं म्हणून. दादाचा पाय जुळला, पण पावसाळी हवेत दुखतो. बंदी संपून होडी पाण्यात जायच्या आदल्या दिवशी तो हातोडीची दांडी घेऊन डेकभर फिरतो, एक एक फळी ठोकतो आणि कान देऊन ऐकतो. कडक लाकूड टणटणतं, कुजलेलं दबका आवाज काढतं. सगळ्या फळ्या वाजवून झाल्या, की समुद्राचं बादलीभर पाणी डेकवर ओततो आणि ते कुठे थांबतं का, हे वाकून पाहतो.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)