गरम झाल्यावर रुसणारा पंप

सकाळी पहिल्या सेल्फला धडधडणारं बोटीचं डिझेल इंजिन दोन-तीन तास चालवून बंद करावं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा किल्ली फिरवावी, तर ते नुसतं गरगरतं, पेटत नाही. तासाभरात थंड झालं की काही घडलंच नाही असं सुरू होतं. किनारा दिसत असला तर हा मनस्ताप, पण वारा खडकांकडे ढकलत असेल तर जिवाशी गाठ.

अशा वेळी बॅटरी बदलली जाते, मग नोझल, मग इंजिन खोलण्याची भाषा सुरू होते. घाई नको. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबल्याने तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते पेटतं. कॉम्प्रेशन कमी असेल तर इंजिन थंड असतानाच जास्त कुरकुर करील. गरम इंजिनात पेटणं सोपं असतं, म्हणून हवेपेक्षा डिझेलवर आणि सेल्फवर आधी संशय घ्यावा.

पहिला पुरावा एक्झॉस्टच्या तोंडाशी मिळतो. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोहोचतंय, पण पेटत नाही. धूरच नसेल तर डिझेल पोहोचत नाही. सेल्फ मंद फिरत असेल तर गोष्ट वेगळी. तापलेल्या तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्क्यांनी वाढतो, त्यात केबलची टोकं खाऱ्या हवेने हिरवी पडलेली असली की उरलेला जोरही जातो. टोकं घासून पक्की केल्यावर सेल्फ चपळ फिरला, तर तिथेच काम संपलं. डिझेलची वाट उघडणारा-बंद करणारा स्टॉप सोलेनॉइडही तापल्यावर दगा देतो. किल्ली फिरवल्यावर त्याचा टक आवाज येतो का, तेही ऐकावं.

सेल्फ जोरात फिरतोय आणि धूर नाही, तर नजर रोटरी पंपाकडे वळवावी. व्हर्नन रूसा या अमेरिकी संशोधकाचा असा पंप 1952 मध्ये बाजारात आला. त्याच धर्तीवर ब्रिटनच्या सीएव्ही कंपनीने डीपीए पंप बनवला. पर्किन्सच्या 4.108 सारख्या बोटींच्या इंजिनांवर तो बसला, आपल्याकडे ट्रॅक्टरांवरही आला. सगळ्या सिलिंडरांना एकच रोटर डिझेल वाटतो, ही त्याची किमया. रोटर आणि तो ज्यात फिरतो ते हेड यांमधली फट मायक्रॉनमध्ये मोजावी लागते, आणि तिला वंगण म्हणून डिझेलच मिळतं. त्यामुळे पाणी वा कचरा मिसळलेलं डिझेल ही जोडी हळूहळू खातं.

झिजलेल्या फटीतून थंड, दाट डिझेल फारसं निसटत नाही. इंजिनाच्या अंगाला चिकटलेला पंप बंद केल्यावर आणखी तापतो, डिझेल पातळ होतं आणि गळतं. सेल्फवर इंजिन मिनिटाला जेमतेम दोनशे फेरे घेतं, पंप त्याच्या निम्मे. इतक्या संथ गतीत गळायला भरपूर वेळ मिळतो आणि नोझल उघडण्याइतका दाब बनतच नाही. एकदा सुरू झालं की वेग वाढतो, गळायला सवड उरत नाही, म्हणून चालताना सगळं निरोगी वाटतं. आजार इतका लपून बसतो तो यामुळेच.

खात्री करायला जुन्या मिस्त्रींची एक पद्धत आहे, आणि माझ्या मते कुठल्याही मीटरपेक्षा ती मोलाची. इंजिन बंद असताना पंपावर गोड्या पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळावं, काही मिनिटं थांबावं, मग सेल्फ मारावा. सुरू झालं तर दोष पंपाचा. तापल्या पंपावर बादलीभर थंड पाणी मात्र ओतू नये. हेड आकसून रोटर जाम होऊ शकतो.

आणखी एक इशारा. थंड करणारं खारं पाणी एक्झॉस्टमध्येच सोडलेलं असेल, तर सेल्फ वारंवार मारताना समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवा. इंजिन पेटत नसताना ते पाणी मफलरमध्ये साचतं, मागे फिरून सिलिंडरात शिरतं आणि कनेक्टिंग रॉड वाकवतं. इंजिन सुरू होताच व्हॉल्व्ह लगेच उघडा.

ओलं फडकं बंदरापर्यंत आणून सोडतं, तो उपचार नव्हे. रोटर आणि हेड एकमेकांशी जुळवून घडवलेले असतात, बदलायचे तर जोडीनेच. पावसाळ्यात बोट वर ओढलेली असते, तेव्हाच पंप काढून टेस्ट बेंचवर द्या, आणि सेल्फच्या वेगाला तो किती डिझेल सोडतो हे स्वतः उभं राहून मोजून घ्या.