स्पर्शिकेच्या दोन व्याख्या

पदवीच्या दुसऱ्या वर्षी विद्यार्थ्याची स्पर्शिकेशी दोनदा गाठ पडते. वैश्लेषिक भूमितीत, रेषेचे समीकरण शांकवाच्या समीकरणात घातल्यावर येणाऱ्या वर्गसमीकरणाची मुळे समान असली म्हणजे ती रेषा स्पर्शिका ठरते. कलनशास्त्रात छेदिकेच्या चढाची सीमा हाच स्पर्शिकेचा चढ होय. तासिका वेगळ्या, वह्याही वेगळ्या. त्यामुळे या दोन व्याख्यांची परस्परांशी भेट पुष्कळदा होतच नाही.

य = क्ष² हा अन्वस्त घ्यावा. त्यात य = मक्ष + क ही रेषा घातली असता क्ष² − मक्ष − क = ० हे समीकरण मिळते; मुळे समान असावयाची तर क = −म²/४ असावयास हवे. कलनाने जावे तर चढ २क्ष. तो म मानला की स्पर्शबिंदू (म/२, म²/४) येतो, आणि क चे मूल्य पुन्हा तेच. येथे विद्यार्थी समाधानाने पान उलटतो.

वक्रास एकाच बिंदूत भेटते ती स्पर्शिका, ही शाळेतील वर्तुळापासून रुजलेली समजूत मात्र तशीच राहते. वास्तविक क्ष = २ ही रेषा उपर्युक्त अन्वस्तास (२, ४) या एकाच बिंदूत भेटते, परंतु ती स्पर्शिका नव्हे. उलट य = क्ष³ या वक्राची (१, १) येथील स्पर्शिका य = ३क्ष − २ ही त्यास (−२, −८) येथे पुन्हा छेदते. समान मुळांची कसोटी येथेही टिकते, कारण क्ष³ − ३क्ष + २ यात (क्ष − १)² हा अवयव आहे. देकार्तने १६३७ साली वक्राचा अभिलंब काढण्यासाठी योजलेली युक्ती दुहेरी मुळांचीच होती. ज्या-फलनाचा वक्र आला की ती थबकते. अवयव पाडावयास तेथे बहुपदीच नसते. मग सीमेवाचून गत्यंतर नाही.

पुण्यात ‘रँग्लर’ हा शब्द नावामागे बिरुदासारखा लागत आला. फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांना १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनिअर रँग्लरचा मान मिळाला. त्या काळच्या ट्रायपॉस परीक्षेत जलद व निर्दोष सोडवणुकीस मोठे मोल असे. त्याच परीक्षेतून गेलेल्या हार्डी यांनी तिच्यावर कठोर टीका केली, आणि १९०८ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात सीमेच्या संकल्पनेस मध्यवर्ती स्थान दिले. सोडवणुकीचे कौशल्य त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. वरील घनवक्राचा दुसरा छेदबिंदू त्या कौशल्यानेच सापडतो. भूमितीच्या अध्यापकाने तो वर्गात काढून घ्यावा, आणि त्याच आठवड्यात कलनाच्या तासिकेस ज्या-फलनाचा वक्र घ्यावा, इतके जमण्यासारखे आहे.