मुलाचें पहिलें बिनतारी विमान

आज मी आपणांपुढें एका खेळण्याविषयीं बोलणार आहें. परंतु हें खेळणें असें आहे कीं, त्याची निवड चुकली तर पैसा जातोच, आणि त्याहून वाईट म्हणजे मुलाची उमेद जाते. हा अनुभव मला घरींच आला. माझ्या नातवानें दोन वर्षें सांठविलेल्या पैशांतून विजेवर चालणारें बिनतारी विमान घेण्याचें ठरविलें, व निवडीचें काम मजकडे सोंपविलें. दुकानांत लढाऊ विमानाची एक देखणी प्रतिकृति टांगलेली होती. मीं तीच पसंत केली. मैदानावर तिचें पहिलें उड्डाण पंधरा सेकंदांच्या आंत संपलें. मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्यानें तुकडे वर्तमानपत्रांत गुंडाळून घरीं आणले आणि माळ्यावर ठेवून दिले. चूक त्याच्या हातांची नव्हती, माझ्या निवडीची होती. ती कोणती, हें शोधतां शोधतां जें कळलें तेंच आज सांगतों.

विमानें दोन स्वभावांचीं असतात. एक क्षणोक्षणीं सांभाळावें लागणारें, व दुसरें हात सैल सोडला तरी आपण होऊन सरळ होणारें. फ्रान्समधील आल्फोन्स पेनो यानें १८७१ सालीं पॅरिसच्या त्वीलरी बागेंत पिळलेल्या रबरावर चालणारें एक चिमुकलें विमान उडवून दाखविलें. त्यांत वैमानिक नव्हता, आणि जमिनीवरून त्याला आज्ञा देणाराहि कोणी नव्हता. तरी तें अकरा सेकंद नीट उडालें. त्याच्या पंखांचीं टोकें वर उचललेलीं होतीं व मागें स्थिर शेपटी होती. विमान एका अंगास कललें कीं तें त्याच बाजूस घसरूं लागतें. त्या वेळीं उचललेल्या टोकांमुळें खालच्या पंखाला हवा अधिक कोनांत भेटते, त्याचा उचल वाढतो, आणि विमान पुन्हां सावरतें. लढाऊ विमानाला झटकन् कलतां यावें लागतें, म्हणून त्यांत हा गुण मुद्दामच कमी ठेवितात. नवशिक्याला नेमका तोच हवा असतो.

तेव्हां पहिली कसोटी ही: पंख धडाच्या वर असावा, त्याचीं टोकें किंचित् उचललेलीं असावीं, आणि वजनाच्या मानानें पंख मोठा असावा. पंखाची लांबी ११० सेंटिमीटर व रुंदी १८ सेंटिमीटर धरली, तर क्षेत्रफळ सुमारें २० चौरस डेसिमीटर होतें. सर्व सामग्रीसह वजन ७०० ग्रॅम असेल, तर दर चौरस डेसिमीटरवर ३५ ग्रॅम भार पडतो. असें विमान सावकाश उडतें आणि चालविणाऱ्याला विचार करण्यास अवसर देतें. भार वाढला कीं हवेंत टिकण्यासाठीं वेगहि वाढवावा लागतो, व मग विचाराला वेळ उरत नाहीं. अंग ई. पी. पी. नांवाच्या फोमचें असावें. साधा थर्मोकोल ठिसूळ असतो. हा फोम मात्र दबतो, वांकतो, आणि तुटलाच तर चिकटवून पुन्हां उडवितां येतो.

आतां शक्तीचा हिशेब पाहूं. १९५७ सालीं इंग्लंडांत कर्नल टॅप्लिन यांनीं विजेच्या मोटरीवर बिनतारी विमान उडविलें, त्या काळीं बॅटरीचें वजन हीच मोठी अडचण होती. आजच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीनें ती दूर केली आहे. तिच्या एका घटाचा दाब सरासरी ३.७ व्होल्ट, तीन घटांचा ११.१ व्होल्ट. मोटरीवर ‘केव्ही’ म्हणून एक आंकडा असतो. तो दर व्होल्टास मिनिटाला होणारे फेरे दाखवितो. १००० केव्हीची मोटर या बॅटरीवर, पंखा न लावतां, मिनिटाला सुमारें ११,१०० फेरे घेईल. सावकाश उडणाऱ्या विमानास कमी केव्हीची मोटर व मोठा पंखा शोभतो. लहान पंखा व अतिवेगवान् मोटर ही जोडी शर्यतीच्या विमानाची.

समजा, मोटर १२ अँपिअर प्रवाह घेते. ११.१ ला १२ नें गुणलें म्हणजे सुमारें १३३ वॅट शक्ति झाली. ७०० ग्रॅमच्या विमानास हें प्रमाण दर किलोग्रॅमला १९० वॅट पडतें. शिकाऊ विमानास १५० ते २०० वॅट पुरेत. मोटर व बॅटरी यांच्यामध्यें वेगनियंत्रक असतो. १२ अँपिअरची गरज असतां तो २० अँपिअरचा घ्यावा. कारण कांठोकांठ भरलेला नियंत्रक तापून ऐन हवेंत बंद पडूं शकतो. तसेंच पंखा उगाच मोठा लावूं नये. त्यानें प्रवाह वाढतो, व मोटर जळण्याची भीति असते.

बॅटरी १३०० मिलिअँपिअर-तासांची बस्स आहे. तिचा पंचमांश शिल्लक ठेवावा. सरासरी ८ अँपिअर प्रवाह धरल्यास सुमारें पावणेआठ मिनिटें उड्डाण मिळतें. अधिक वेळाच्या लोभानें दुप्पट बॅटरी घातली तर वजन वाढून विमानाचा स्वभावच बदलतो. त्यापेक्षां लहान बॅटऱ्या दोन घ्याव्या.

खरा खर्च करावयाचा तो हातांतल्या ट्रान्समीटरवर. कारण विमानें मोडतात, ट्रान्समीटर राहतो. तो २.४ गिगाहर्ट्झचा असावा. पूर्वीच्या यंत्रांत दोघांची एकच लहर जुळली तर एकाचें विमान दुसऱ्याच्या आज्ञेनें कोसळे. आतांचा ट्रान्समीटर आपल्या रिसीव्हरशीं जोडी जमवितो आणि दुसऱ्याची आज्ञा त्या रिसीव्हरला लागू पडत नाहीं. चार चॅनेल पाहिजेतच, सहा असल्यास उत्तम. सुकाणूं व इतर फळ्या हलविणारे सर्व्हो नऊ ग्रॅमचे चालतात.

दोन सूचना मात्र आईबापांसाठीं. लिथियमची बॅटरी चुकीच्या हाताळणीनें पेट घेते. तिच्यासाठीं प्रत्येक घट समान भरणारा चार्जर घ्यावा, घट ४.२ व्होल्टांवर भरूं नये व ३ व्होल्टांखालीं उतरूं देऊं नये. गादीवर किंवा कोणी जवळ नसतांना बॅटरी भरण्यास लावूं नये. फुगलेली वापरूं नये. आणि टेबलावर मोटर तपासतांना पंखा काढून ठेवावा; त्याची धार बोटें कापते.

उडविण्यापूर्वीं बनविणाऱ्यानें दाखविलेल्या खुणेवर विमान बोटांवर तोलून पाहावें. शेपटीकडे जड विमान सांभाळतां येत नाहीं. वारा पडलेला असतांना, पहाटे, गवताच्या मोकळ्या मैदानावर, जाणत्या माणसास शेजारीं घेऊन आरंभ करावा. आपल्या देशांत २०२१ च्या ड्रोन नियमांनीं आकाशाचे लाल, पिवळे व हिरवे असे विभाग पाडले. विमानतळाजवळ राहणाऱ्यांनीं मैदान निवडण्यापूर्वीं तो नकाशा अवश्य पाहावा.

माळ्यावरचें तें गाठोडें अखेर आम्हीं खालीं काढलें. रिसीव्हर शाबूत होता, दोन सर्व्हो चालत होते, आणि ट्रान्समीटर तर घरांतच होता. मोटर मात्र त्या वेगवान् विमानाची, म्हणून नव्यास उपयोगी पडली नाहीं. उंच पंखाचें फोमचें विमान नातवानें स्वतः जुळविलें. तेंहि पहिल्याच सकाळीं दोनदां नाकावर आपटलें. परंतु या वेळीं त्यानें वर्तमानपत्र मागितलें नाहीं, डिंक मागितला.