वाळूंतील रुंद चाक

वैनगंगेच्या कांठीं ज्यांनीं उन्हाळा काढला आहे, त्यांना वाळूंत चाक रुतणें म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. पवनीजवळ गोसीखुर्दचें धरण झाल्यापासून त्याच्या वरच्या अंगाचें बरेंचसें पात्र पाण्याखालीं गेलें आहे. तथापि भंडारा जिल्ह्यांत अन्यत्र उन्हाळ्यांत वाळू उघडी पडतेच. लोखंडी धांवेची बैलगाडी या वाळूंत घुसली कीं बैल गुडघे टेकतात. रबरी टायरची गाडी मात्र तेवढेंच ओझें घेऊन पार होते. असें कां व्हावें?

वाळूचे कण एकमेकांस चिकटलेले नसतात. त्यांच्यावर थोड्या जागेंत भार आला कीं ते बाजूला सरतात आणि चाक खालीं जातें. भार तोच ठेवून तो अधिक जागेवर पसरला, तर वाळू तो सहन करते. उंटाचा पसरट तळवा हेंच काम करतो.

मोटारसायकलीलाही हाच न्याय लागू आहे. स्वारासह मागील चाकावर ११० किलो भार आहे असें समजूं. टायरमध्यें चौरस सेंटिमीटरला एक किलो दाबाची हवा असेल, तर टायर सुमारें ११० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकेल. दाब निम्मा केला, तर सुमारें २२० वर. म्हणजे खरी किमया रुंदीपेक्षां कमी दाबाची आहे. रुंद टायर हा कमी दाबावरही भार पेलतो, एवढाच त्याचा गुण. राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज अधिकाऱ्यानें दोन महायुद्धांच्या दरम्यान लिबियाच्या वाळवंटांत मोटारी नेल्या, त्या टायरांतील हवा कमी करूनच. मऊ हिमावरही हाच उपाय चालतो. परंतु गोठून कांचेसारख्या झालेल्या बर्फावर रुंदीचा उपयोग नाहीं, तेथें टायरला खिळेच हवेत.

आतां साध्या गाडीला असा टायर बसवावयाचा, तर अडचणी ओळीनें उभ्या राहतात. पुढच्या चिमट्यांत तो मावत नाहीं. मागें साखळीला घांसतो. म्हणून चिमटा रुंद करावा लागतो आणि साखळीचीं दोन्ही दंतचक्रें सारखींच बाहेर सरकवून एका रेषेंत आणावीं लागतात. चाकाचा व्यास वाढला, तर इंजिनाची ओढ कमी पडते. त्यासाठीं मागील दंतचक्र अधिक दांत्यांचें लागतें. कमी हवेचा टायर रिमवर फिरून ट्यूबची नळी तोडतो. त्याला रोखण्यासाठीं रिमलॉक नांवाची पकड बसवितात. वाळू ओलांडून डांबरी रस्त्यावर येतांच पुन्हां हवा भरावी, नाहींतर टायर तापून फाटण्याची भीति असते. हा सारा खटाटोप टाळण्यासाठींच कारखान्यांनीं मुळांतच रुंद चाकांच्या गाड्या काढल्या. १९८७ सालीं यामाहानें बाजारांत आणलेल्या टीडब्ल्यू २०० या गाडीचा मागील टायर १८० मिलिमीटर रुंद होता.

कायद्याचाही विचार अवश्य करावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणीपुस्तकांतील मूळ घडणीशीं विसंगत असे फेरफार करूं देत नाहीं. तेव्हां गाडीला हत्यार लावण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारणा केलेली बरी.

आणखी एक गोष्ट सांगून मी आपली रजा घेतों. उन्हाळ्यांतील नदीचें पात्र रिकामें दिसतें, पण रिकामें नसतें. कोठें टरबूज-काकडीच्या वाड्या असतात. कोठें नदीसुरयासारखे पक्षी उघड्या वाळूवरच अंडीं घालतात, आणि तीं वाळूच्या रंगांत इतकीं मिसळून जातात कीं गाडीवरून दिसत नाहींत. रुंद चाक वाळूला हलकें लागतें, हें खरें. परंतु अंडें फुटावयास तेवढा भारही पुरेसा होतो. वाळूवर कसें जावें हें शास्त्र सांगेल. कोठें जाऊं नये हें मात्र आपणच ठरवावयाचें आहे.