तिसऱ्या खाऊन लघवी तपासू नका

खारेपाटणात खाडीकाठी पागाच्या जाळ्यासाठी शिसं वितळवणारा कुणी लघवीची बाटली घेऊन माझ्या लॅबमध्ये आला, की मी ती परत करते. शिशासाठी रक्तच हवं, तेही शिरेतलं. डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम भरलं, की शिसं कुठून येतंय ते शोधा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुरक्षित पातळी मात्र नाहीच. संपर्क थांबला तर रक्तातलं शिसं महिना-सव्वा महिन्यात निम्म्यावर येतं, हाडांतलं वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं. पोरांचा बुद्ध्यांक घटतो, मोठ्यांचा रक्तदाब चढतो. घरच्या चुलीवर वितळवू नका, बाबांनो!

आर्सेनिकसाठी लघवी चालते, पण आधी तीन दिवस मासे, तिसऱ्या बंद. त्यांतलं बहुतांशी निरुपद्रवी आर्सेनिक आकडा फुगवतं. हे ऐकून मालवणी माणसाचा चेहरा पडतोच. केसांच्या महागड्या तपासणीला मी सरळ नाही म्हणते: बाहेरची धूळही त्यात मोजली जाते.