कारचा अलार्म वाजतो, पण चोर थांबतो का? गाडी खरंच सुरक्षित ठेवायची तर आधी हे समजून घ्या

दिवाळीत एक सुतळी बॉम्ब फुटला की अख्ख्या गल्लीतल्या गाड्या एका सुरात बोंबलायला लागतात. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल घुमला तरी तेच. अशा वेळी किती जण खिडकीतून डोकावून बघतात? बहुतेक कोणीच नाही. "कोणाची गाडी आहे, बंद करा रे" एवढंच ऐकू येतं.

म्हणजे ज्या आवाजाच्या भरवशावर आपण गाडी रस्त्यावर लावून निवांत झोपतो, त्या आवाजाकडे आता कोणी लक्षच देत नाही. मग अलार्म बसवायचाच नाही का? बसवायचा. पण तो काय करतो आणि काय करत नाही, हे समजून घेऊन.

एका व्हायरल चॅलेंजने शिकवलेला धडा

2022 च्या सुमारास अमेरिकेत टिकटॉकवर काही व्हिडिओ पसरले. ह्युंदाई आणि किया या कंपन्यांच्या काही गाड्या स्टीअरिंगखालचं कव्हर काढून, साध्या यूएसबी केबलच्या टोकाने कशा सुरू करता येतात, ते त्यात दाखवलं होतं. बघता बघता त्याचं 'किया चॅलेंज' झालं आणि शाळकरी मुलंसुद्धा गाड्या पळवू लागली. यातून अपघात झाले, जीवही गेले.

या दोनच कंपन्यांच्या गाड्या का? कारण त्यांच्या चावीने सुरू होणाऱ्या अनेक मॉडेलमध्ये 'इमोबिलायझर' नव्हता. अमेरिकेतल्या विमा क्षेत्राच्या संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार 2015 च्या मॉडेलमध्ये इतर कंपन्यांच्या 96 टक्के गाड्यांना तो होता, तर ह्युंदाई-कियाच्या फक्त 26 टक्के गाड्यांना. शेजारच्या कॅनडात 2007 पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा आहे, त्यामुळे तिथे हा प्रकार चाललाच नाही.

पुढे 2023 मध्ये कंपन्यांनी अमेरिकेतल्या सुमारे 83 लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअर बदल आणला. त्यात दोन गोष्टी होत्या. अलार्म 30 सेकंदांऐवजी एक मिनिट वाजेल आणि चावी इग्निशनमध्ये असल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही. यातली चोराला खरी अडवणारी गोष्ट कोणती, हे वेगळं सांगायला नको.

अलार्म आणि इमोबिलायझर यात फरक काय?

अलार्म म्हणजे गाडीचा वॉचमन. दार, डिकी किंवा बॉनेट उघडलं, काचेला धक्का बसला की सेन्सर ते टिपतो आणि सायरन वाजवतो. तो ओरडतो, पण चोराचा हात धरत नाही.

इमोबिलायझर ओरडत नाही, तो इंजिनच सुरू होऊ देत नाही. तुमच्या चावीच्या प्लास्टिकच्या भागात एक छोटी चिप असते. चावी फिरवली की गाडीतला कॉम्प्युटर त्या चिपकडून कोड मागतो. कोड जुळला तर इंजिन सुरू, नाहीतर नाही. म्हणूनच चौकातल्या चावीवाल्याने कापून दिलेल्या साध्या चावीने दार उघडतं, पण गाडी सुरू होत नाही.

तुमच्या गाडीत तो आहे का, हे कसं ओळखायचं? डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चित्र असलेला दिवा लुकलुकतो का बघा. गाडीचं मॅन्युअल वाचा. आणि सर्व्हिस सेंटरला डुप्लिकेट चावीची किंमत विचारा. "हजारोंत जाईल, प्रोग्रॅमिंग करावं लागेल" असं उत्तर आलं, तर चिप आहे असं समजायला हरकत नाही. जुन्या गाडीत तो नसेल, तर अलार्मच्या आधी त्याचा विचार करा. बाजारात दोन्ही एकत्र असलेली युनिटही मिळतात.

मग चिपवाल्या गाड्या चोरीला जातातच कशा?

चोरही काळाबरोबर शिकलेत. सध्याच्या मुख्य पद्धती या:

1. सिग्नल लांबवणं: बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांत चावी खिशात असली तरी पुरते. गाडी अगदी कमी अंतरावर एक सिग्नल सोडते आणि चावी त्याला उत्तर देते. दोन चोर दोन यंत्रं घेऊन येतात. एक गाडीजवळ, दुसरा तुमच्या घराच्या दाराबाहेर. दाराजवळच्या खुंटीला लटकलेली चावी जणू गाडीशेजारीच आहे, अशी गाडीची फसगत होते. काच फुटत नाही आणि अलार्मही वाजत नाही, कारण गाडीच्या दृष्टीने ती मालकानेच उघडलेली असते.

2. नवी चावी तयार करणं: स्टीअरिंगच्या खाली ओबीडी नावाचं सॉकेट असतं. मेकॅनिक स्कॅनर लावतो ना, तेच. काच फोडून आत शिरायचं, तिथे यंत्र जोडायचं आणि कोऱ्या चावीची गाडीशी ओळख करून द्यायची.

3. कोड पकडणं: स्वस्तातल्या काही रिमोट अलार्ममध्ये प्रत्येक वेळी तोच कोड जातो. तो एकदा पकडला की नंतर हवा तेव्हा वापरता येतो. चांगल्या रिमोटमध्ये 'रोलिंग कोड' असतो, म्हणजे प्रत्येक वेळी कोड बदलतो.

4. थेट उचलणं: टोईंगच्या गाडीने भरदिवसा नेली, तर लोकांना वाटतं नो पार्किंगमधली उचलली असेल.

अलार्म घेताना दुकानात काय विचारायचं?

"साहेब, यात सगळं आहे" या वाक्यावर जाऊ नका. हे प्रश्न विचारा:

- एआरएआयची मान्यता आहे का? पुण्यातली ही संस्था वाहनं आणि त्यांच्या सुट्या भागांची चाचणी करते. मान्यतेचं प्रमाणपत्र प्रत्यक्ष बघा. नियमांनुसार बसवलेल्या मान्यताप्राप्त यंत्रणेवर विम्याच्या 'ओन डॅमेज' हप्त्यात 2.5 टक्के, जास्तीत जास्त 500 रुपये सूट मिळू शकते. हा हप्ता 8,000 रुपये असेल तर वाचतात 200 रुपये. रक्कम किरकोळ आहे. पण सूट घेतली की यंत्रणा पॉलिसी संपेपर्यंत चालू स्थितीत ठेवण्याची हमीही तुम्ही दिलेली असते, हे विसरू नका.

- रोलिंग कोड आहे का? नसेल तर पुढचं मॉडेल बघा.

- सायरनला स्वतःची बॅटरी आहे का? नसेल, तर बॅटरीची वायर काढली की सायरन गप्प.

- धक्क्याचा सेन्सर कमी-जास्त करता येतो का? नाहीतर प्रत्येक फटाक्याला बोंब होईल, शेजारी वैतागतील आणि एक दिवस तुम्हीच तो कायमचा बंद कराल. बंद ठेवलेला अलार्म काय कामाचा?

- टिल्ट सेन्सर आहे का? गाडी एका बाजूने उचलली तर तो ओळखतो. टोईंग करून होणाऱ्या चोरीत हाच उपयोगी पडतो.

- उभ्या गाडीत करंट किती खातो? गाडीतली सगळी उपकरणं मिळून साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत असावीत. या हिशोबाने 35 अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी महिनाभरात पार रिकामी होते, आणि गाडी सुरू न होण्याची वेळ त्याच्या बरीच आधी येते. खराब अलार्म याच्या कितीतरी पट खातो.

- वायर कापाव्या लागतील का? हा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. मूळ वायरिंग सोलून टेप गुंडाळलेले जोड शॉर्टसर्किटला आमंत्रण देतात आणि वॉरंटीवरही पाणी सोडावं लागू शकतं. मूळ कपलरमध्येच बसणारं युनिट घ्या आणि शक्यतो अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बसवा.

एकावर एक कुलपं

कुठलीही एक गोष्ट गाडी शंभर टक्के वाचवत नाही. चोराला हवा असतो कमी वेळ आणि कमी गाजावाजा. तेव्हा त्याचं काम लांबवायचं, हाच उपाय.

पहिलं, डोळ्यांना दिसणारं कुलूप. स्टीअरिंग लॉक किंवा गिअर लॉक जुनाट वाटतं खरं, पण कोणतंही सॉफ्टवेअर त्याला फसवू शकत नाही. ते कापायला वेळ लागतो आणि आवाज होतो. शिवाय बाहेरूनच दिसत असल्यामुळे चोर शेजारची गाडी बघतो.

दुसरं, बटण-स्टार्ट गाडी असेल तर चावी दारापासून लांब, सिग्नल अडवणाऱ्या पाऊचमध्ये ठेवा. पाऊच आणला की चावी त्यात टाकून गाडीला टेकून बघा. दार उघडलं तर पाऊच बिनकामाचा. दुसरी चावीसुद्धा अशीच ठेवायची.

तिसरं, ओबीडी सॉकेटवर लॉक बसवून घ्या.

चौथं, जीपीएस ट्रॅकर. तो चोरी थांबवत नाही, पण गाडी कुठे चालली ते कळवतो. चोर जॅमर वापरतात, म्हणून संपर्क तुटताच मोबाइलवर सूचना देणारा घ्या आणि तो सहज सापडणार नाही अशा जागी बसवा. सिमचं रिचार्ज संपलं की ट्रॅकर संपला, तेव्हा तारीख लक्षात ठेवा. मोबाइलवरून इंजिन बंद करायची सोय असेल, तर ती चालत्या गाडीवर कधीही वापरू नका. लोकेशन दिसलं तरी स्वतः पाठलाग न करता पोलिसांना द्या.

आणि नवी गाडी घेतल्यावर फोटो टाकताना चावीचे दाते, नंबर प्लेट आणि घराचं लोकेशन एकाच पोस्टमध्ये दिसणार नाही, एवढं बघा.

एवढं करूनही गाडी गेलीच तर?

आधी गाडी टोईंग झाली नाही ना, याची वाहतूक पोलिसांकडे खात्री करा. मग लगेच 112 वर फोन करा आणि पोलीस ठाण्यात एफआयआर नोंदवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार तक्रार ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत त्यावर सही करावी लागते.

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. पोलिसांत वेळेत तक्रार केली असेल, तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. तरी वादाला जागाच कशाला ठेवायची?

कंपनी सहसा दोन्ही मूळ चाव्या मागते. एक चावी हरवली असेल तर प्रश्न सुरू होतात, म्हणून चावी हरवताच तक्रार नोंदवून ठेवा. चावी गाडीतच ठेवून पाच मिनिटांसाठी उतरलात आणि गाडी गेली, तर निष्काळजीपणा म्हणून दाव्याची रक्कम कापली जाऊ शकते. गाडी सापडली नाही की पोलिसांचा अंतिम अहवाल लागतो. महाराष्ट्रात याला 'ए समरी' म्हणतात, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. त्यानंतर भरपाई मिळते ती पॉलिसीवर लिहिलेल्या आयडीव्हीच्या हिशोबाने, शोरूमच्या किमतीने नाही.

आणि हे सगळं तेव्हाच, जेव्हा तुमच्या विम्यात चोरी धरलेली असेल. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक रुपयाही मिळत नाही.

तेव्हा आज रात्री गाडी लावताना तीन गोष्टी तपासा. इमोबिलायझर आहे का, दिसेल असं एखादं कुलूप आहे का, आणि पॉलिसीत चोरी आहे का. ही तीन उत्तरं 'हो' असतील, तर अलार्म चौथा. तो वाजला की निदान तुम्ही तरी खिडकीतून डोकावून बघा!