परग्रहावरचा वाद्यवृंद आणि केसरबाईंची भैरवी

२५ मे १९७७ रोजी अमेरिकेत 'स्टार वॉर्स' प्रदर्शित झाला. त्यात एका वाळवंटी ग्रहावरचा गुत्ता आहे आणि त्या गुत्त्यात मोठ्या डोक्याच्या, काळ्याभोर डोळ्यांच्या परग्रहवासीयांचा वाद्यवृंद वाजतो. चाहत्यांच्या जगात पुढे या वाद्यवृंदाला नाव मिळाले, वादकांना चरित्रे मिळाली. पण मूळ गंमत त्याच्या चालीत आहे. दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी संगीतकार जॉन विल्यम्स यांना एक कल्पना सुचवली होती. भविष्यातल्या काही प्राण्यांना १९३०च्या दशकातले बेनी गुडमनचे जॅझ कुठेतरी दगडाखाली पुरलेले सापडले, तर ते ते कसे वाजवतील? विल्यम्स यांनी सॅक्सोफोन, क्लॅरिनेट आणि त्रिनिदादचे स्टील ड्रम घेऊन ते करून दाखवले. थोडक्यात, पडद्यावरचे परके जीव आपलेच गाणे, अर्धेमुर्धे कळलेले, वाजवत होते.

त्याच वर्षी तसा दगड खरोखर अंतराळात भिरकावला गेला. २० ऑगस्टला 'व्हॉयेजर २' आणि ५ सप्टेंबरला 'व्हॉयेजर १' निघाले. दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी होती. ५५ भाषांतले अभिवादन (त्यात मराठीही आहे), शंभरावर चित्रे, पृथ्वीवरचे आवाज आणि सुमारे ९० मिनिटांचे संगीत. संगीताच्या २७ तुकड्यांत भारताचा एकच आहे: केसरबाई केरकरांनी गायलेली भैरवीतली चीज, 'जात कहाँ हो'. १६ सप्टेंबर १९७७ला, दुसरे यान निघाल्यावर अकराव्या दिवशी, केसरबाई गेल्या.

हे आपल्याकडे अभिमानाने पुष्कळदा सांगितले जाते. पण ती तबकडी कोणाला सापडलीच, तर त्याच्या हाती नेमके काय लागेल, हे कोणी फारसे विचारत नाही.

पाठवणाऱ्यांनी काळजी भरपूर घेतली होती. तबकडीबरोबर सुई दिली आहे. वेष्टनावर आकृत्या कोरल्या आहेत, त्यात तबकडीचा एक फेरा ३.६ सेकंदांचा असावा हे हायड्रोजनच्या अणूत घडणाऱ्या एका बदलाच्या कालावधीच्या पटीत सांगितले आहे, कारण हायड्रोजन सगळीकडे सारखाच. ७८ची रेकॉर्ड ३३वर लावून पाहिलेल्या कोणालाही या काळजीचे मोल कळेल. वेग चुकला की पट्टी उतरते, लय मरते आणि बाईचा बुवा होतो. वेष्टनावर युरेनियमचाही सूक्ष्म थर आहे, त्याच्या क्षयावरून तबकडीचे वय काढता यावे म्हणून. पट्टी, लय, वय: जे मोजता येते ते सगळे बांधून दिले आहे.

मोजता न येणारे कसे बांधणार? केसरबाईंचा जन्म १८९२चा, गोव्यातल्या केरी गावचा. अब्दुल करीम खाँ, रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले यांच्याकडे थोडे थोडे शिकून त्या १९२१ मध्ये अल्लादिया खाँसाहेबांकडे आल्या आणि १९४६ साली खाँसाहेब जाईपर्यंत शिकत राहिल्या. पंचवीस वर्षे! खाँसाहेबांनी स्वतःचे गाणे ध्वनिमुद्रित होऊ दिले नाही. केसरबाईंचाही रेकॉर्डवर विश्वास बेताचाच, म्हणून त्यांच्या तबकड्या मोजक्या. त्यांचा खरा दबदबा होता तो संथ, दमसासाने फुलत जाणाऱ्या ख्यालाचा, तुटू न देता विणलेल्या आकाराच्या तानेचा. ते सारे ७८च्या एका बाजूत मावत नाही. यानावरचा तुकडा साडेतीन मिनिटांचा आहे, कारण लाखेच्या तबकडीची एक बाजू साधारण तेवढीच. अंतराळात कायमची गेली ती त्या जुन्या तबकडीची मर्यादा.

निवडीचा किस्साही असाच निसटता. ही रेकॉर्ड सुचवली रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकांनी. पण तिची प्रत मिळेना. अखेर न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात ती हाती लागली.

ही चीज मी अकोल्यात घरी लावली होती, तेव्हा शेजारच्या आजी दारात उभ्या राहिल्या. उभा जन्म निंदण-वेचणीत गेलेला, राग-ताल हा शब्दही कानावरून न गेलेला. म्हणाल्या, "काहून रडून राहिली ते बाई, भाऊ?" मी म्हटले, रडत नाही, गाते आहे. त्या संपेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "अजून एकडाव लावा बरं."

आजींना कोमल रिषभ कळला नाही, श्वास कळला. हुंदका कुठे अडतो आणि कुठे सुटतो, हे छाती असलेल्यालाच कळते. तिकडच्या श्रोत्याचे उलट होईल. षड्ज-पंचमाचे २:३ हे प्रमाण तो क्षणात काढेल, भैरवीच्या सुरांतली अंतरेही मांडेल. पण ज्याला फुप्फुसेच नाहीत, त्याला दमसासाचे कौतुक कशाचे? आणि त्याच्या वाद्यवृंदाने ही चीज वाजवायला घेतलीच, तर मला वाटते, पहिला बळी मींडेचा जाईल. एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणारा आवाज ते पायऱ्या पाडून वाजवतील. त्यांना हसू नये. आपल्या पेटीनेही तेच केले, म्हणून तर १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केले आणि ते काही दशके बंदच ठेवले.

'व्हॉयेजर १' २०१२ साली सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून गेले. सुमारे ४०,००० वर्षांनी ते ग्लीझ ४४५ या ताऱ्यापासून १.६ प्रकाशवर्षांवरून जाईल. जवळून म्हणायचे ते इतकेच.

एक खटकणारी गोष्ट मात्र उरते. आपल्याकडे भैरवी झाली की तानपुरे उतरवतात, नंतर कोणी गात नाही. त्या तबकडीवर केसरबाईंचा क्रम पंचविसावा आहे. त्यांच्यानंतर ब्लाइंड विली जॉन्सन आहे आणि शेवटी बेथोव्हन. आपला एखादा जाणकार त्या समितीत असता, तर त्याने अनुक्रम बदलायला लावला असता.